सोंगामागचा माणूस

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे लेखी रूप)



शंभर वर्षे पुस्तके जपणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावरून बोलावयास मिळावे, हा मी माझा बहुमान समजतो. हिरण्यकेशीच्या काठी, शंकराचार्यांच्या मठाच्या या गावात, घरी एक भाषा आणि बाजारात दुसरी भाषा बोलत वाढलेल्या वाचकांनी हे वाचनालय चालविले. सीमाभागातील माणसाला एक गोष्ट न शिकवता कळलेली असते. कोणाही माणसाला त्याच्यावर चिकटविलेल्या एका नावावरून पुरते ओळखता येत नाही. माझे आजचे सारे बोलणे या एका गोष्टीभोवतीच फिरणार आहे.

माझा अभ्यासाचा विषय सोळाव्या-सतराव्या शतकांतील नाटक. त्या नाटकांकडे पाहण्याची एक नवी दृष्टी गेल्या काही दशकांत विद्यापीठांतून रुजली आहे. नाटकातील आंधळा, कुबडा, मुका किंवा वेडा हा केवळ कथानकाच्या सोयीसाठी आणलेला आहे, की तो माणूस म्हणूनही तेथे उभा आहे, असा प्रश्न ही दृष्टी विचारते. तिच्या जोडीला १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ हा शब्द आला. मेंदूच्या घडणीतील विविधता, असे त्याला आपण म्हणू. सर्वांची उंची सारखी नसते, तशी सर्वांची लक्ष देण्याची, लक्षात ठेवण्याची, बोलण्याची आणि माणसांत मिसळण्याची रीतही सारखी नसते. अशा प्रत्येक वेगळेपणाला दोष म्हणणे बरोबर नाही, असा त्या शब्दाचा आशय आहे. हा विचार परदेशी विद्यापीठांतून आला खरा. परंतु तो आपल्या घरच्या नाटकांना लावून पाहिला, तर काय दिसते, ते आज मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रारंभ विदूषकापासून करू. भरताच्या नाट्यशास्त्रात विदूषकाचे जे वर्णन आहे, त्यात तो ठेंगू, दंतुर, कुबडा, टकला आणि विद्रूप चेहऱ्याचा सांगितला आहे. म्हणजे तोंडातून एक शब्द निघण्यापूर्वीच त्याच्या देहाने हशा मिळवावा, अशी योजना शास्त्रातच झालेली. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्यामागे कारवारकडील कर्की गावच्या भागवत मंडळींच्या खेळांची प्रेरणा होती, हे आपणास ठाऊक आहेच. आपल्या नाटकाचा पाळणा कानडी मुलखाने हलविला, हे या गावात वेगळे सांगावयास नको. भाव्यांच्या नाटकांतही सूत्रधाराच्या पाठोपाठ विदूषक येई आणि प्रेक्षक मोकळे होत. त्या हास्याला मी नावे ठेवत नाही. मीही त्याच हास्यात वाढलो. परंतु आपण नेमके कशाला हसलो, विदूषकाच्या वाक्याला की त्याच्या पाठीला, हा प्रश्न एकदा मनात आला, की तो सहजासहजी जात नाही.

देहाला हसण्याच्या पलीकडची पायरी म्हणजे देहावरून मनाचा निवाडा करणे. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण शेक्सपिअरचा ‘तिसरा रिचर्ड’. हे नाटक साधारणपणे १५९२-९३ चे. नाटकातील रिचर्ड कुबडा आहे, त्याचा एक हात वाळलेला आहे, तो लंगडतो. आणि आपण असे घडलो म्हणूनच दुष्ट होण्याचे ठरविले आहे, हे तो आरंभीच प्रेक्षकांना सांगून टाकतो. चारशे वर्षे जगाने खऱ्या रिचर्डला या नाटकातूनच ओळखले. हा राजा १४८५ मध्ये रणांगणावर मारला गेला होता. २०१२ मध्ये लेस्टर शहरात एका वाहनतळाखाली उत्खनन झाले, त्यात एक सांगाडा सापडला आणि पुढच्या वर्षी तो रिचर्डचाच असल्याचे सिद्ध झाले. त्याचा कणा बाजूला वळलेला होता. परंतु हात वाळलेला असल्याची कोणतीही खूण नव्हती. अंगावर नीट शिवलेले कपडे असते, तर ती वळलेली पाठही फारशी कोणाच्या लक्षात आली नसती, असे तज्ज्ञांचे म्हणणे पडले. एका माणसाचा कणा थोडा वाकडा होता. त्यावर आधी वैऱ्यांनी आणि मग नाटकाने कुबड चढविले, आणि त्या कुबडाला दुष्टपणाचा अर्थ दिला. आपल्या मंथरेचे कुबड आठवा. कैकेयीचे कान फुंकणारी दासी पाठीने सरळ असती, तर कथेत कोणता फरक पडला असता? तरीही मंथरा म्हटली की पाठीचे कुबड आधी डोळ्यांपुढे येते.

आता मी आपणास लंडनहून पैठणला नेतो. ही उडी वाटते तितकी लांब नाही. १५९९ मध्ये लंडनला शेक्सपिअरच्या मंडळींनी ग्लोब नाटकगृह उभारले आणि त्याच वर्षी पैठणला एकनाथ महाराजांनी देह ठेवला. म्हणजे नाथांची भारुडे आणि शेक्सपिअरची पहिली नाटके एकाच शतकातील. भारूड हे केवळ वाचावयाचे काव्य नव्हे. ते सोंग घेऊन, नाचून, गाऊन करून दाखवावयाचे असते. ‘सोंगी भारूड’ हा शब्दच ते सांगतो. आमच्याकडील सोळाव्या शतकाचे नाटक कोठे आहे, असे विद्यार्थी मला विचारीत, तेव्हा मी त्यांना जत्रेतल्या भारुडाकडे बोट दाखवीत असे.

नाथांच्या भारुडांत आंधळा आहे, पांगळा आहे, बहिरा आहे आणि मुकाही आहे. ही सारी सोंगे ‘मी’ म्हणून बोलतात. मी असा का झालो, हे ती सांगतात, आणि त्यामागे कधी विद्येचा ताठा असतो, कधी निंदेची सवय, कधी हिताचे ऐकावयाचे सोडून दिल्याची खंत. देहाचे व्यंग येथे मनाच्या आंधळेपणाचे आणि बहिरेपणाचे रूपक आहे. संतांचा रोख त्या व्यंग असलेल्या माणसावर नाही, समोर बसलेल्या डोळस, धडधाकट प्रेक्षकावर आहे. खरा आंधळा तूच, असे भारूड त्याला सांगते. रिचर्डच्या नाटकाहून हे फार वेगळे आहे. तेथे वाकडी पाठ दुसऱ्याची आहे आणि आपण सरळ आहोत. येथे अंधत्व आपलेच आहे. म्हणून मी नाथांना त्या काळातील अधिक उदार नाटककार मानतो.

तरीही एक सल उरतो. तो मला पुस्तकातून मिळाला नाही. लहानपणी आमच्या गावच्या जत्रेत आंधळ्याचे भारूड मी पाहिले. सोंग घेणाऱ्याने डोळे मिटून, काठी टेकीत असा काही प्रवेश केला, की सारे मैदान खदखदून हसले आणि शेवटी गहिवरलेही. आमच्या आळीत एक अंध आजोबा होते. त्यांचा हात धरून त्यांना जत्रेला नेण्या-आणण्याचे काम माझ्याकडे असे. तेही त्या रात्री मनापासून हसले. परत येताना वाटेत त्यांनी मला विचारले, “सोंग संपल्यावर त्यानं डोळं उघडलं असंल, न्हवं?” मी म्हणालो, “हो आबा, उघडले.” मग घर येईपर्यंत ते काही बोलले नाहीत.

त्या प्रश्नाचा अर्थ मला फार उशिरा कळला. रूपक संपते, सोंग उतरते, नट डोळे उघडतो. ज्याच्या देहावरून रूपक घेतले, त्याचे मात्र काही उतरत नाही. ते पापाचे फळ आहे, अशी समजूतही त्याच्या अंगाला चिकटून राहते. नाथांना ते अभिप्रेत नव्हते. परंतु ऐकणाऱ्यांनी पुष्कळदा तेवढेच घरी नेले. सूर्याचा सारथी अरुण मांड्यांवाचून जन्मला, तो विनतेच्या उतावीळपणामुळे, अशी महाभारतातील कथा आहे. दोष आईचा आणि पांगळेपण मुलाचे. तरीही तोच अरुण रोज सूर्याचा रथ हाकतो, हे कथेचे दुसरे अंग. मूल वेगळे जन्मले की आईकडे बोट दाखविणारी माणसे कथेचे पहिले अंग आठवणीत ठेवतात आणि दुसरे विसरतात.

देहाच्या व्यंगाबद्दल इतके बोललो. मनाच्या वेगळेपणाची कथा याहून बिकट आहे, कारण ती डोळ्यांना दिसत नाही आणि म्हणून तिचा निवाडा ज्याच्या हाती सत्ता असेल तो करतो. यासाठी मी आपणास येथून फार दूर नसलेल्या कोल्हापुरास नेतो.

१८७१ साली दत्तक येऊन कोल्हापूरच्या गादीवर बसलेले छत्रपती चौथे शिवाजी महाराज त्या वेळी लहान मूल होते. ते वयात येऊ लागले, तेव्हा त्यांच्या बुद्धीला भ्रम झाल्याचे सरकारने ठरविले आणि त्यांना देखरेखीखाली ठेवले. प्रजेत कुजबुज सुरू झाली, की महाराज वेडे नाहीत, त्यांना वेडे ठरविले जात आहे, त्यांचा छळ होत आहे. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या वर्षाच्या आतबाहेरच्या पत्रांनी हा विषय हाती घेतला, कारभाऱ्यांवर आरोप केले, आणि ज्या पत्रांच्या आधारे ते केले, ती बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी एकशे एक दिवस काढले. हा प्रसंग आपण राजकीय इतिहास म्हणून वाचतो. मला त्यात नाटकाचा इतिहासही दिसतो, कारण त्याच तुरुंगात आगरकर शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे मराठी रूपांतर करीत होते.

हा योगायोग क्षणभर नीट पाहावा. एका राजपुत्राला वेडा ठरविले म्हणून ज्याने लेखणी उचलली, तो मनुष्य तुरुंगात बसून दुसऱ्या एका राजपुत्राचे वेड मराठीत आणीत होता. हॅम्लेटचे वेड खरे की घेतलेले, हा त्या नाटकाचा गाभा. आपल्याकडे त्याला ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ अशी सुंदर म्हण आहे. परंतु नाटकात आणखी एक गोष्ट आहे. राजा क्लॉडियस पुतण्याच्या वेडाचे निमित्त करून त्याच्यावर पाळत ठेवतो आणि त्याला दूर देशी धाडतो. वेड हे राज्यकर्त्याच्या हातचे हत्यार होऊ शकते, हे आगरकरांना कोल्हापूर प्रकरणाने शिकविले होते. त्यांचे ‘विकारविलसित’ १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात, २५ तारखेस, चौथे शिवाजी महाराज अहमदनगर येथे नजरकैदेतच मृत्यू पावले. पुढील वर्षी त्यांच्या गादीवर शाहू महाराज दत्तक आले. महाराजांच्या प्रकृतीचा निवाडा आज मला करावयाचा नाही. ते आजारी होते असे धरले, तरी आजारी माणसाला किल्ल्यात आणि पहाऱ्यात ठेवावे काय, हा प्रश्न उरतोच. ‘वेडा नाही, म्हणून सोडा’ असे म्हणणारे त्या वेळी पुष्कळ होते. ‘वेडा असला तरी माणूस आहे’ असे म्हणणारा आवाज त्या साऱ्या गदारोळात मला ऐकू येत नाही.

‘विकारविलसित’ या नावावरही दोन शब्द बोलतो. आगरकरांच्या पिढीसाठी मनोविकार म्हणजे मनाच्या भावना : प्रेम, क्रोध, शोक, भय. आज आपण मनोविकार म्हणतो तेव्हा आजार म्हणतो. एकाच शब्दाने दीड शतकात भावनेकडून रोगाकडे प्रवास केला. त्या जुन्या शब्दात एक शहाणपण होते. मनोविकार सर्वांनाच असतात, कोणाचे कमी, कोणाचे अधिक, हे त्यात गृहीत होते. मेंदूच्या विविधतेबद्दलचा नवा विचार याहून काही फार वेगळे सांगतो, असे मला वाटत नाही.

या भाषांतरावरून शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी हॅम्लेट उभा केला. त्यांच्या हॅम्लेटची कीर्ती दोन-तीन पिढ्यांनी एकमेकींना सांगितली. आपणांपैकी काहींनी ती आजोबांच्या तोंडून ऐकली असेल. परंतु त्याच नाटकात ऑफीलिया आहे. हॅम्लेट वेडाचे सोंग घेतो आणि त्याला सबंध नाटक मिळते. ऑफीलियाचे मन खरोखर ढासळते आणि तिच्या वाट्याला त्या अवस्थेतला एक प्रवेश येतो, मग बुडून मृत्यू. सोंगाला इतका अवकाश आणि खऱ्या दुःखाला इतका कमी, असे का, हा प्रश्न विचारावयास नव्या अभ्यासाने मला शिकविले.

आपल्या रंगभूमीवर याचा दुसरा नमुना श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘मूकनायक’ नाटकात सापडतो. तेथे नायक मुका नाही, मुकेपण पांघरलेला आहे. नाटकाच्या गमतीसाठी ते ठीक आहे. परंतु खऱ्या मुक्या माणसाला नायकपण देण्याचे धाडस त्या काळच्या संगीत नाटकाला झाले नाही, आणि गाणाऱ्या नायकाच्या त्या युगात ते होणेही कठीण होते. १९२० मध्ये डॉ. आंबेडकरांनी आपल्या पाक्षिकाला हेच नाव दिले, तेव्हा मुकेपण घशात नसून समाजाने लादलेले असते, असा त्या शब्दाचा सर्वस्वी निराळा अर्थ उजेडात आला.

तिसरे उदाहरण आपल्या सर्वांच्या आवडीचे. गडकऱ्यांच्या ‘प्रेमसंन्यास’ या १९१२ च्या नाटकातील विसराळू गोकुळ. ‘गोकुळची साक्ष’ हा प्रवेश स्वतंत्रपणे किती स्नेहसंमेलनांतून झाला, याची गणती नाही. न्यायालय ही स्मरणशक्तीवर चालणारी जागा. तेथे साक्षीला उभा राहतो तो ज्याला काहीच आठवत नाही असा माणूस! विनोदाची ही जागा गडकऱ्यांनी अचूक हेरली. आजही मी तो प्रवेश वाचून हसतो. परंतु शिक्षक या नात्याने मी असे कितीतरी गोकुळ वर्गात पाहिले. पाठ केलेले विसरणारे, डबा विसरणारे, अक्षरांची उलटापालट करणारे. विसरू नये म्हणून रुमालाला गाठ मारणारी आणि मग गाठ कशाची ते आठवणारी ही मुले बुद्धीने कमी नव्हती. त्यांच्या बाकाजवळ आम्ही शिक्षकही हसलो आणि कधी छडीही उगारली. त्याबद्दल मला आज खेद वाटतो.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो यावयासही हवा. जुन्या ग्रंथांना आजच्या तराजूत तोलणे न्याय्य आहे काय? मला ते न्याय्य वाटत नाही. भरताला, नाथांना किंवा गडकऱ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात काही अर्थ नाही. तसेच हॅम्लेटला किंवा गोकुळला आजच्या वैद्यकातील एखाद्या रोगाचे नाव देऊन मोकळे होणे, हेही मला मान्य नाही. ते पुन्हा एक नाव चिकटविणेच झाले. शेक्सपिअरच्या मंडळीत रॉबर्ट आर्मिन नावाचा विदूषक नट होता. त्याने १६०० मध्ये आपल्या काळातील खऱ्याखुऱ्या ‘खुळ्या’ माणसांवर एक पुस्तक लिहिले. विदूषकाचे सोंग घेणारा आणि जन्मतःच तसा असलेला, असा भेद त्या काळी केला जाई. आर्मिन सोंग घेणारा. परंतु ज्यांचे सोंग घेतो ती माणसे आपल्या नावागावानिशी होऊन गेली, हे त्याने नोंदवून ठेवले. जुन्या नाटकांकडे मी याच नजरेने पाहावे म्हणतो. सोंगाचा आनंद घ्यावा, आणि त्यामागच्या माणसाला विसरू नये.

कायद्याने या बाबतीत साहित्याच्या बरीच पुढे मजल मारली आहे. १८५८ च्या कायद्याने वेड्यांची इस्पितळे उभारली, ती बंदिस्त ठेवण्याच्या विचाराने. २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्यात रुग्णाचे हक्क आले. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले, आणि स्वमग्नता व अध्ययन-अक्षमता यांनाही त्यात स्थान मिळाले. शब्दही पालटले. पांगळा, अपंग, विकलांग, दिव्यांग. शब्द पालटल्याने मन पालटतेच असे नाही. परंतु प्रत्येक नव्या शब्दाच्या मागे जुन्या शब्दाने दुखावलेला कोणीतरी असतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

शेवटी या वाचनालयाविषयी. व्यंग असलेला माणूस चारशे वर्षे दुसऱ्यांच्या तोंडून बोलला. आता तो स्वतः लिहू लागला आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन आपल्या कपाटात नाथांच्या भारुडांच्या शेजारी ठेवावे, अशी माझी विनंती आहे. दोन्ही पुस्तकांत ‘मी’ आहे. एका ‘मी’ला सोंग उतरविता येते, दुसऱ्याला येत नाही. दोन्ही एका आठवड्यात वाचणारा वाचक पूर्वीसारखा राहणार नाही.

दुसरी विनंती अधिक व्यवहारातली आहे. २०१२ मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. अपंग वाचकांना वाचता यावीत म्हणून पुस्तकांची ब्रेल किंवा ध्वनिरूप आवृत्ती करण्याची मोकळीक त्यामुळे मिळाली. २०१३ मध्ये मराकेश येथे याच हेतूने आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ मध्ये त्यास मान्यता देणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला. म्हणजे कायद्याचे दार उघडे आहे. आत माणसे आणण्याचे काम आपले. येथील महाविद्यालयीन मुलामुलींनी आठवड्यातून एक तास मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रण केले, तर वर्षाकाठी कितीतरी पुस्तके अंध वाचकांपर्यंत पोचतील. आणि शताब्दीनिमित्त इमारतीवर काही खर्च होणारच असेल, तर पहिला खर्च दारातील पायऱ्यांशेजारी चाकाच्या खुर्चीला चढता येईल असा उतार बांधण्यावर व्हावा.

आमच्या आळीतले आबा आज नाहीत. त्यांनी कधी पुस्तक वाचले नाही, कारण त्यांना वाचून दाखवावे, असे आम्हां कोणालाच सुचले नाही. मी त्यांना जत्रेला नेले, वाचनालयात नेले नाही. त्या रात्री त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला माझ्याकडे खरे उत्तर नव्हते. आपल्या वाचनालयाच्या दुसऱ्या शतकात अशा एखाद्या आबांचा हात धरून कोणी नातू या दारातून आत येईल, तेव्हा त्यांच्यासाठी ऐकावयास एक पुस्तक येथे तयार असावे, एवढी इच्छा व्यक्त करतो.